उघडा काटा, झाकली मूठ

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने पिकासोला पाच गुण दिले असते. फार तर पाच.

हा विनोद नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २००३ रोजी दिलेल्या एका निकालपत्रात हा हिशोब आहे. मिशिगनचं कला-विज्ञान महाविद्यालय त्या काळी पदवीच्या प्रवेशासाठी प्रत्येक अर्जाला १५० पैकी गुण देत असे. शंभर भरले की प्रवेश मिळालाच. शाळेतली सरासरी सर्वोत्तम असेल तर ८०. शाळेच्या दर्जाचे १०, अवघड विषय घेतल्याचे ८. सॅट या देशभर घेतल्या जाणाऱ्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले तरी त्याचे इथे १२. अभ्यासाचा हिशोब इथे संपतो: एकूण ११०.

उरलेल्या ४० गुणांत पोराचं बाकीचं सगळं आयुष्य बसवायचं. मिशिगन राज्यात राहणाऱ्याला १०, आई किंवा वडील याच विद्यापीठात शिकलेले असतील तर ४, निबंधाला ३, नेतृत्वाला जास्तीत जास्त ५. कलेतल्या कर्तबगारीलाही कमाल ५, म्हणून पिकासोला पाच. मात्र विद्यापीठाने आपल्या संघासाठी हेरलेला खेळाडू असेल, तर एकदम २०. कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा मूळ अमेरिकी समाजातल्या अर्जदारालाही २०. या शेवटच्या वीस गुणांवरून खटला उभा राहिला आणि न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो तक्ताच रद्द केला. माणसं अशी ठोक भावात मोजता येणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ.

खरी गंमत पुढे आहे. त्याच दिवशी, त्याच न्यायालयाने, त्याच विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची प्रवेशपद्धत पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली. तिथेही अर्जदाराचा वंश विचारात घेतला जात होता. पण तिथे तक्ता नव्हता, आकडे नव्हते. प्रत्येक अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून ‘संपूर्ण माणूस’ पाहतो, असं ते महाविद्यालय सांगत होतं. म्हणजे उघडा काटा बेकायदा ठरला आणि झाकली मूठ कायदेशीर. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपल्या वेगळ्या मतात याच विसंगतीवर बोट ठेवलं: जे करायचं ते उघडपणे करू दिलं नाही, तर विद्यापीठं तेच डोळे मिचकावून आणि वेष पालटून करतील.

महाविद्यालयाच्या प्रवेशात गुणांना किती वजन द्यावं आणि खेळ, कला, समाजसेवा यांना किती, हा वाद घरोघरी टक्क्यांच्या भाषेत चालतो. ऐंशी-वीस की साठ-चाळीस? त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न मिशिगनच्या या दोन निकालांत दडलेला आहे. वजनं ठरवतं कोण, आणि ती कुणाला दिसतात? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो खरं. पण ती झाकलेली असते तोवरच.

मूठ कधी झाकली?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डचा प्रवेश सरळ होता. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा द्या, उत्तीर्ण व्हा आणि शुल्क भरा. मुलगा फुटबॉल खेळतो का, वक्तृत्वात कसा आहे, हे कुणी विचारत नसे. परीक्षेतले विषय महागड्या खासगी शाळांमध्येच नीट शिकवले जात, त्यामुळे येणारी मुलं बहुतेक एकाच थरातली असत. वेगळी गाळणी लावायची गरजच नव्हती.

मग पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुलं बोस्टन-न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतून अभ्यास करून त्याच परीक्षेत उत्तीर्ण होऊ लागली. १९०० साली हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी सुमारे ७ टक्के होते. १९२२ पर्यंत ते २१ टक्क्यांवर गेले. हार्वर्डचे अध्यक्ष अॅबट लॉरेन्स लॉवेल यांना हे खुपलं. जुन्या घराण्यातली मुलं दुसरीकडे जातील, अशी भीती त्यांनी घातली आणि ज्यूंची संख्या १५ टक्क्यांवर रोखण्याची कल्पना पुढे आणली. त्याच वर्षीपासून प्रवेशअर्जात नवे प्रश्न आले: वडिलांचा जन्म कुठला, आईचं माहेरचं आडनाव काय, तुमच्या किंवा वडिलांच्या नावात जन्मानंतर काही बदल केला आहे का? गोल्डबर्गचा गोल्ड झाला असेल तर तो कळावा, एवढ्यासाठी ही चौकशी.

उघड टक्केवारीला प्राध्यापकांच्या समितीने १९२३ साली नकार दिला. लॉवेल यांनी मग वळसा घेतला. १९२६ साली पहिल्या वर्षाच्या जागा हजारावर मर्यादित झाल्या आणि निवडीत ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’ यांना वजन आलं. अर्जासोबत छायाचित्र, शिक्षकांची पत्रं, मुलाखत. चारित्र्य कशावरून ओळखायचं? मैदानावरून, संघाच्या कप्तानपदावरून, चारचौघांत वावरण्यावरून. नुसता पुस्तकातला किडा नको, चौफेर मुलगा हवा, ही भाषा याच काळात रुजली. पंचविशीच्या पुढे गेलेली ज्यू विद्यार्थ्यांची टक्केवारी काही वर्षांतच जवळपास निम्म्यावर उतरली आणि नियमांत ‘ज्यू’ हा शब्द कुठेही लिहावा लागला नाही. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी २००५ साली ‘द चोझन’ या जाडजूड ग्रंथात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या कागदपत्रांतून ही सगळी कथा मांडली.

म्हणून अभ्यासेतर गोष्टी पाहणं हेच पाप, असं ठरत नाही. सुरी तीच, भाजीही चिरते आणि बोटही. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत हीच ‘संपूर्ण माणूस’ पाहण्याची पद्धत वापरून याच विद्यापीठांनी कृष्णवर्णीय मुलांना, गरीब घरांतल्या आणि आडगावांतल्या मुलांना आत घेतलं. पण मुठीचा स्वभाव तोच राहिला: आत काय आहे ते धरणाऱ्यालाच ठाऊक.

कोर्टात उघडलेली मूठ

हार्वर्डची मूठ जगासमोर उघडली ती २०१८ साली, बोस्टनच्या न्यायालयात. आशियाई वंशाच्या अर्जदारांवर अन्याय होतो, असा दावा चार वर्षांपूर्वी दाखल झाला होता. सुनावणीत प्रवेश कार्यालयाची आतली कागदपत्रं बाहेर आली आणि लाखो पालकांना पहिल्यांदाच कळलं की ‘संपूर्ण माणूस’ पाहतानाही आकडे असतातच. अभ्यास, अभ्यासेतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व अशा चार बाबींत प्रत्येक अर्जाला १ ते ६ अशी श्रेणी मिळे. १ म्हणजे सर्वोत्तम. शिवाय एक एकंदर श्रेणी.

मुळात गुण पुरेसे का पडत नाहीत, याचंही उत्तर त्याच कागदांत होतं. २०१९ साली पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी देशातूनच सुमारे २६ हजार अर्ज आले. जागा साधारण सोळाशे. अर्जदारांपैकी ८ हजारांहून अधिक मुलांची शाळेतली सरासरी पैकीच्या पैकी होती. सॅटच्या गणितात सुमारे ३,४०० जणांना पूर्ण गुण होते, भाषेत सुमारे २,७००. गुणांचा काटा इथे शेवटच्या खुणेला जाऊन अडकतो. सगळेच शंभर किलोचे असले की शंभर किलोचा काटा काय सांगणार?

दुसऱ्या काट्यांनी काय सांगितलं ते मात्र विचार करायला लावतं. हार्वर्डने संघासाठी हेरलेला खेळाडू अभ्यासात चौथ्या श्रेणीचा असला, तरी त्याला प्रवेश मिळण्याची शक्यता सुमारे ७० टक्के होती. त्याच चौथ्या श्रेणीतल्या बाकीच्या मुलांना हजारात एक एवढीही नव्हती. व्यक्तिमत्त्वाच्या श्रेणीत आशियाई वंशाची मुलं सरासरीने मागे पडत होती, आणि ही श्रेणी देणारे अधिकारी त्यांतल्या बहुतेकांना भेटलेलेही नव्हते. प्रत्यक्ष भेटून मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या श्रेणींत एवढं अंतर दिसत नव्हतं. अगदी शेवटी, जागांपेक्षा जास्त नावं उरली की ‘छाटणी यादी’ होई. तिच्यात प्रत्येक नावापुढे चारच गोष्टी असत: माजी विद्यार्थ्याचं मूल आहे का, हेरलेला खेळाडू आहे का, आर्थिक मदत लागेल का आणि वंश कोणता. गुण त्या यादीत नव्हतेच; बुद्धिबळ, व्हायोलिन, अनाथाश्रमातली सेवा हेही नव्हतं.

खालच्या न्यायालयाने जाणूनबुजून भेदभाव झाल्याचं मान्य केलं नाही. पण २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्याची ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. वीस वर्षांपूर्वी तक्ता गेला होता. आता मुठीचीही पाळी आली. बाकीची वजनं, म्हणजे खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, उपक्रम यांची, आपल्या जागी तशीच राहिली.

छंदाची किंमत

उपक्रमांच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं ते असं: गुण शिकवणीने विकत घेता येतात, छंद घेता येत नाहीत, म्हणून उपक्रम पाहिले तर गरिबाच्या हुशार मुलाला न्याय मिळेल. ऐकायला पटतं. घडतं बरंचसं उलटं.

अमेरिकेतल्या हजाराहून अधिक महाविद्यालयांना चालणारा ‘कॉमन अॅप’ हा सामाईक अर्ज घ्या. त्यात उपक्रमांसाठी दहा रकाने असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा जवळपास साठ लाख अर्जांतले रकाने तपासले गेले. खासगी शाळांतल्या आणि सधन घरांतल्या मुलांनी जास्त उपक्रम, जास्त पदं आणि जास्त बक्षिसं नोंदवलेली आढळली. यात नवल नाही. संध्याकाळी किराणा दुकानात काम करणाऱ्या मुलाला वादविवाद मंडळाचा अध्यक्ष व्हायला वेळ कुठून मिळणार? हार्वर्डच्या ४२ संघांत नौकावहन, तलवारबाजी, स्क्वॉश आणि शिडाच्या होड्यांच्या शर्यती आहेत. हे खेळ गल्लीत खेळता येत नाहीत.

त्याच वर्षी राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या बारा नामांकित विद्यापीठांच्या प्रवेशांची उत्पन्नकराच्या नोंदींशी सांगड घातली. सॅटचे गुण सारखेच असले, तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना प्रवेश मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक निघाली. कारणं तीन: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, हेरलेले खेळाडू आणि अभ्यासेतर बाबींची श्रेणी. पुढच्या आयुष्यातल्या यशाचा अंदाज यांपैकी एकानेही बांधता आला नाही. सॅट आणि अभ्यासाच्या श्रेणीने बऱ्यापैकी बांधला.

कोरोनाच्या साथीत बहुतेक विद्यापीठांनी सॅट ऐच्छिक केली होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, हिने २०२२ साली ती पुन्हा सक्तीची केली. त्यांचं म्हणणं असं की ज्या शाळेत वरच्या पातळीचं गणित शिकवतच नाहीत, तिथल्या गरीब मुलाला आपली तयारी दाखवायला हा एक सरळ मार्ग तरी उरतो. परीक्षाही निर्मळ नाही. महागडी शिकवणी तिथेही पोहोचतेच. पण शिकवणी लावून गणित निदान थोडंफार येतं. विकत घेतलेल्या समाजसेवेतून काय येतं?

हे टोकाला गेलं तेव्हा काय झालं, ते मार्च २०१९ मध्ये दिसलं. रिक सिंगर नावाचा एक प्रवेश सल्लागार श्रीमंत पालकांना सांगे: पुढचं दार म्हणजे गुणवत्ता, मागचं दार म्हणजे कोट्यवधींची देणगी, माझ्याकडे बाजूचं दार आहे. बाजूच्या दारातून जायचं म्हणजे प्रशिक्षकाला लाच द्यायची आणि कधी खेळ खेळलेलाच नसलेल्या मुलाला हेरलेला खेळाडू म्हणून दाखवायचं. काही मुलांची व्यायामाच्या यंत्रावर वल्ही मारतानाची छायाचित्रं काढली गेली. काहींचे चेहरे दुसऱ्याच खेळाडूंच्या धडावर चिकटवले गेले. सिंगरला पुढे साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. बंद मुठीत कोणतं वजन सर्वांत जड आहे, हे त्याने अचूक ओळखलं होतं.

आपला काटा

महाराष्ट्रात परिस्थिती नेमकी उलट आहे. आपला काटा इतका उघडा की पिकासोचा भाव आठवीतल्या पोरालाही तोंडपाठ असतो. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीत ७ वाढीव गुण, ब ला ५, क ला ३. खेळात पातळीनुसार २५ पर्यंत. उत्तम पाच विषयांच्या ५०० गुणांत ७ म्हणजे १.४ टक्के, आणि अकरावीच्या गुणवत्ता यादीत नावं दशांशाने मागेपुढे होतात. २०२४ च्या दहावीत १८७ मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यांतले १२३ एकट्या लातूर विभागातले. शंभराच्या यादीत अशा वाढीव गुणांचाही वाटा असतो.

या काट्याला दाद द्यायला हवी. गडचिरोलीतल्या मुलीला आणि कोथरूडमधल्या मुलीला तीच कागदाची घडी, तेच स्थिरचित्र, तेच संकल्पचित्र आणि तेच सात गुण. वशिला नाही, मुलाखत नाही, कुणाच्या वडिलांचं कॉलेज विचारत नाहीत. पण उघड्या काट्याचा एक शाप आहे: भाव कळला की माल त्या भावापुरताच पिकतो. सुट्टीतल्या वर्गात मडकं, मागचा पडदा आणि त्याची चुणी ठरावीक पद्धतीने गिरवून घेतली जाते, श्रेणी येते, आणि बऱ्याच घरांत रंगपेटी त्यानंतर माळ्यावर जाते. चित्रकलेला प्रोत्साहन म्हणून गुण आले आणि चित्रकलाच गुणांच्या कामाला लागली.

मग उघडा काटा मठ्ठ आणि झाकली मूठ लबाड, यातून वाट कोणती? भारतातल्याच दोन पद्धतींनी एक वाट दाखवली आहे. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांत खेळ आणि कला यांच्यासाठी मिळून पाच टक्क्यांपर्यंत जादा जागा असतात. तिथे प्रवेशपरीक्षेला २५ टक्के वजन. बाकीचं ७५ टक्के प्रमाणपत्रांना आणि प्रत्यक्ष चाचणीला. गाणाऱ्याने परीक्षकांसमोर गायचं, धावणाऱ्याने मैदानावर धावायचं. मद्रास आयआयटीने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी शाखेत खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या, त्यांतली एक मुलींसाठी. अट अशी की जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव हवंच; त्यापुढची क्रमवारी खेळातल्या कामगिरीवर. पुढच्या वर्षी कलावंतांसाठीही असंच दार उघडलं.

मद्रासमध्ये गाणं आणि गणित एकाच पारड्यात टाकलेलं नाही. आधी अभ्यासाचा उंबरठा, तो सगळ्यांना सारखा आणि माहीत असलेला. तो ओलांडल्यावर वेगळा काटा. दिल्लीत कला किंवा खेळ त्या विषयातल्या जाणकारांच्या डोळ्यांदेखत तोलला जातो. सात गुणांसाठी कुणी सतार शिकणार नाही, आणि सतार येत नसेल तर चाचणीत ती वाजणारही नाही. लबाडीला जागा इथेही आहे: खोटी प्रमाणपत्रं असतात, ओळखीचे परीक्षक असतात. पण चार लोकांसमोर उभं राहून गायचं असेल, तर कागदावरचा राग फार वेळ टिकत नाही.

मग आपण काय करावं?

पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत हल्ली नववीपासून ‘प्रोफाइल’ बनवायला घेतात. एक वाद्य, एक खेळ, एक संशोधन निबंध, आणि जमल्यास स्वतःची छोटी स्वयंसेवी संस्था, जी प्रवेश झाल्यावर आपोआप मिटते. त्या पालकांनी आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. अमेरिकेतली बहुसंख्य महाविद्यालयं निम्म्याहून अधिक अर्जदारांना घेतात. तिथे शाळेतले गुण आणि निवडलेले विषय हेच मुख्य, आणि उपक्रमांचं वजन चटणी-कोशिंबिरीएवढं. जिथे सगळ्यांचेच गुण शिगोशीग भरलेले असतात, अशा मूठभर विद्यापीठांतच पुढची चाळणी लागते. तिथेही गुणांची कमतरता उपक्रमांनी भरून निघते ती हेरलेल्या खेळाडूची. शनिवारी गिटारच्या वर्गाला जाणाऱ्याची नाही.

आणि तिथेही संख्येचा सोस कमी होतो आहे. एमआयटीच्या अर्जात उपक्रमांचे रकाने दहा नाहीत, चारच. हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्र विभागातून २०१६ साली निघालेल्या एका अहवालाने सुचवलं की लांबलचक याद्या थांबवा, आणि घरातल्या जबाबदाऱ्यांनाही मोल द्या. कॉमन अॅपच्या रकान्यांत आज ‘कौटुंबिक जबाबदारी’ आणि ‘पगारी काम’ हे प्रकार आहेत. धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी आणि पहाटे दूध घालून शाळेत जाणारा मुलगा तिथे काहीतरी लिहू शकतात. आपल्या दहावीच्या वाढीव गुणांत त्यांच्यासाठी अजून एकही रकाना नाही; इंटरमिजिएटला सात गुण आहेत.

तो रकाना आला, तर उद्या दूध घातल्याची प्रमाणपत्रंही विकली जातील, हे उघड आहे. म्हणून वजन किती द्यावं याचं कायमचं उत्तर कुठल्याच देशाला सापडलेलं नाही, आणि काटा बसवणाऱ्यांना तो दर काही वर्षांनी पुन्हा तपासावा लागतो. पण काटा तपासायचा तर आधी तो दिसायला हवा. हार्वर्डची छाटणी यादी दिसायला जवळपास शंभर वर्षं आणि एक खटला लागला. मिशिगनने पिकासोला पाचच गुण दिले असते, आणि ते चुकलंच असतं. पण चूक पाच या आकड्यात आहे, असं बोट ठेवून सांगता तरी आलं असतं.